एक बटण, दोन खोल्या: वेबॲपच्या वाटेवरच्या नाक्यांविषयी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२७ च्या कुंभमेळ्याच्या पर्वण्यांना नाशिक-त्र्यंबकला लोक येतील तेव्हा खोली राखणे, वाहनतळावरची जागा, पूजेची वेळ, हरवलेल्या माणसाची नोंद अशी कितीतरी कामे मोबाइलच्या ब्राउझरमधूनच होतील. अशी वेबॲप करून घेणाऱ्या संस्था रंगरूपावर, भाषांवर, पेमेंटच्या पर्यायांवर बैठका घेतात. बटण दाबल्यावर ब्राउझरकडून सर्व्हरकडे जो कॉल जातो, त्याच्या वाटेवर काय बसवले आहे हे मात्र कुणी विचारत नाही. गर्दीत ॲप नेमके तिथेच अडखळते. म्हणून हे पत्र: काम देणाऱ्यांसाठी, आणि ते अंगावर घेणाऱ्या सातपूर, अंबड, कॉलेज रोडवरच्या आमच्या व्यवसायबंधूंसाठीही.

रिमोट प्रोसिजर कॉल, म्हणजे आरपीसी. ब्राउझरमधला प्रोग्रॅम 'खोली राखा' असे एक फंक्शन बोलावतो. लिहिताना ते घरातलेच वाटते, पण काम दूरच्या सर्व्हरवर होते. ही कल्पना नीट बांधून मांडणारा बिरेल आणि नेल्सन यांचा शोधनिबंध १९८४ चा. आज जीआरपीसी-वेब, कनेक्ट, टीआरपीसी, जेसन-आरपीसी अशा रूपांत ती सगळीकडे वापरात आहे. घरातल्या फंक्शनच्या दोनच गती: झाले, किंवा फसले. दूरच्या कॉलला तिसरी असते. काम झाले, पण 'झाले' हा निरोप परत पोचलाच नाही. रामकुंडावर एकाच टॉवरला हजारो फोन लटकलेले असताना, किंवा कसाऱ्याच्या घाटात गाडी बोगद्यात शिरताना, ही तिसरी गत नेहमीचीच होते.

प्रत्येक कॉलसोबत काही कामे ठरलेली आहेत: ओळखीचे टोकन जोडणे, मुदत लावणे, फसल्यास पुन्हा प्रयत्न करणे, नोंद ठेवणे, माग काढायला क्रमांक देणे. ॲपमध्ये ऐंशी ठिकाणी कॉल असले तर हे सगळे ऐंशी ठिकाणी लिहिले जाते आणि एक्क्याऐंशीव्या ठिकाणी राहून जाते. इंटरसेप्टर म्हणजे या सगळ्यासाठी वाटेवर बसवलेला एकच नाका. त्याच्या हाती दोन गोष्टी येतात: रिक्वेस्ट म्हणजे ब्राउझरची मागणी, आणि 'पुढे पाठव' असे एक फंक्शन. पाठवण्याआधी तो हेडर, म्हणजे रिक्वेस्टसोबत जाणारी माहितीची ओळ, जोडू शकतो, कॉल थांबवू शकतो, आणि उत्तर आले की तेही त्याच नाक्यावरून जाते. असे चार-पाच नाके एकात एक बसतात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. बाहेरचा पापुद्रा आधी ओलांडायचा, गाभ्याशी खरी एचटीटीपी रिक्वेस्ट, आणि उत्तर उलट क्रमाने बाहेर.

बसवायची जागा लायब्ररीगणिक, म्हणजे वापरलेल्या तयार कोडच्या संचागणिक, वेगळी. जीआरपीसी-वेबच्या जावास्क्रिप्ट क्लायंटमध्ये, म्हणजे ब्राउझरमधून कॉल करणाऱ्या भागात, इंटरसेप्टरची यादी क्लायंट तयार करतानाच, तिसऱ्या ऑप्शन्सच्या जागी द्यावी लागते. प्रॉमिस (पुढे येणाऱ्या उत्तराची पावती) देणाऱ्या क्लायंटला 'युनरी इंटरसेप्टर्स' लागतात आणि कॉलबॅक (उत्तर आल्यावर बोलवायचे फंक्शन) घेणाऱ्या क्लायंटला 'स्ट्रीम इंटरसेप्टर्स', कॉल साधा एका उत्तराचा असला तरी. इथे नावांची अदलाबदल झाली की एररही येत नाही आणि इंटरसेप्टर चालतही नाही, आणि दिवस त्यात जातो. कनेक्टमध्ये ही यादी ट्रान्सपोर्टला, म्हणजे रिक्वेस्ट वाहून नेणाऱ्या भागाला, द्यायची. अँग्युलरमध्ये रिक्वेस्ट जागच्या जागी बदलता येत नाही, क्लोन करून बदललेली प्रत पुढे पाठवावी लागते. अक्सिऑसमध्ये रिक्वेस्टचे इंटरसेप्टर जोडल्याच्या उलट क्रमाने चालतात, शेवटी जोडलेला सर्वांत आधी, आणि रिस्पॉन्सचे जोडलेल्याच क्रमाने. क्रम कागदावर वाचून गृहीत धरू नये. प्रत्येक इंटरसेप्टरमध्ये जाताना आणि येताना एकेक ओळ छापावी आणि कन्सोलवर डोळ्यांनी पाहावे, पाच मिनिटांचे काम आहे.

जुन्या कार्यालयीन प्रणाली जीडब्ल्यूटीवर (गूगल वेब टूलकिट, जावात वेबॲप लिहिण्याचे साधन) चालत असतील तर तिथेही सोय आहे. सर्व्हिसचा असिंक इंटरफेस 'सर्व्हिस डेफ टार्गेट' म्हणून घ्यायचा, त्याला आपला 'आरपीसी रिक्वेस्ट बिल्डर' द्यायचा आणि त्याच्या 'डू फिनिश' मेथडमध्ये हेडर जोडायचा. तिथे मूळ वर्गाची 'डू फिनिश' आधी बोलवायला विसरू नये. जीडब्ल्यूटीचा स्वतःचा परम्युटेशन हेडर तीच लावते. तो गेला नाही तर सर्व्हर बनावट रिक्वेस्ट समजून कॉल अडवतो, आणि आपण टोकनमध्ये चूक शोधत बसतो.

एक आडवाट मात्र टाळावी, अशी आमची विनंती आहे. ब्राउझरचे रिक्वेस्ट पाठवणारे मूळ फेच फंक्शनच बदलून टाकायचे आणि त्यात टोकन घुसवायचे, हा प्रकार झटपट जमतो. पण मग पानावरून फेचने जाणारी प्रत्येक रिक्वेस्ट त्याच वाटेने जाते, नकाशाचीही, जाहिरातीचीही, भेटी मोजणाऱ्या स्क्रिप्टचीही. यात्रेकरूचे टोकन परक्या सर्व्हरच्या लॉगमध्ये जाऊन पडते. इंटरसेप्टर आपल्या क्लायंटलाच जोडावा, आणि त्यातही पत्ता आपल्याच सर्व्हरचा आहे का हे तपासून मगच टोकन लावावे.

आता क्रमाविषयी जरा सविस्तर, कारण घोटाळे बहुतेक इथलेच. सर्वांत बाहेर नोंद आणि माग-क्रमांक. त्याच्या आत एकूण मुदत. त्याच्या आत पुन्हा प्रयत्न. सर्वांत आत, रिक्वेस्टला चिकटून, टोकन. टोकन पुन्हा प्रयत्नाच्या बाहेर बसवले तर पहिल्या प्रयत्नात जोडलेले तेच शिळे टोकन दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाही जाते, मधल्या काळात नवे आलेले असले तरी. आत बसवले की प्रत्येक खेपेला ताजे वाचले जाते.

मुदतीचा हिशेब कागदावर करावा. एका प्रयत्नाला ३ सेकंद, एकूण ३ प्रयत्न, मधले थांबे जास्तीत जास्त २०० आणि ४०० मिलिसेकंद: ९.६ सेकंद होतात, म्हणून एकूण मुदत १० सेकंद ठेवावी. एकूण ८ ठेवली आणि थांबे पुरे लागले तर तिसरा प्रयत्न दीड सेकंद चालण्याआधीच कापला जाईल आणि सर्व्हरने तो उगाच सुरू केलेला असेल. थांबा नेमका २०० न ठेवता शून्य ते २०० मधला यादृच्छिक आकडा घ्यावा. टॉवर दोन मिनिटे गेला आणि परत आला की सगळे फोन एकाच ठोक्याला पुन्हा मागू लागतात, आणि नुकता सावरलेला सर्व्हर पुन्हा आडवा होतो. जीआरपीसी-वेबमध्ये मुदत 'डेडलाइन' नावाने मेटाडेटात, म्हणजे कॉलसोबतच्या जादा माहितीत, द्यायची असते आणि ती १९७० पासूनच्या मिलिसेकंदांत, म्हणजे आत्ताची वेळ अधिक ३०००. नुसते ३००० लिहिले तर तो १९७० सालातला क्षण ठरतो आणि हवी ती मुदत लागतच नाही.

पुन्हा प्रयत्न एकाच थरावर असावा. ब्राउझर ३ वेळा मागतो, मधला गेटवे प्रत्येकासाठी ३ वेळा, त्यामागची सर्व्हिस डेटाबेसकडे ३ वेळा: यात्रेकरूने एकदा बटण दाबले आणि डेटाबेसवर २७ धडका बसल्या. कोणत्या चुकीवर पुन्हा मागायचे हेही ठरलेले हवे. जीआरपीसीचा कोड १४, सर्व्हर उपलब्ध नाही, यावर मागावे. कोड ३ म्हणजे माहितीच चुकीची, ५ म्हणजे सापडले नाही, ७ म्हणजे परवानगी नाही. यांवर शंभर वेळा मागूनही उत्तर तेच येणार. कोड ४, मुदत संपली, हा अवघड. नुसते वाचायचे असेल, जसे उपलब्ध खोल्यांची यादी, तर खुशाल पुन्हा मागावे. पैसे किंवा जागा अडकणार असेल तर, कोड ४ असो वा १४, खालची व्यवस्था केल्याशिवाय मागू नये.

ती व्यवस्था जवळून पाहू. पंचवटीतल्या धर्मशाळेची एक खोली. यात्रेकरू 'राखा' दाबतो. रिक्वेस्ट सर्व्हरवर पोचते, खोली त्याच्या नावे लागते, पैसे वळते होतात, उत्तर निघते आणि घाटावरच्या गर्दीत हरवते. तीन सेकंदांनी ब्राउझर कॉल रद्द करतो. रद्द केल्याने फक्त वाट पाहणे थांबते, सर्व्हरवर झालेले काम उलटत नाही. इंटरसेप्टर इमानेइतबारे पुन्हा मागतो. सर्व्हरच्या दृष्टीने ही नवी मागणी: दुसरी खोली, दुसऱ्यांदा पैसे. यात कुठल्याही ओळीत चूक नाही, तरी परिणाम चूक आहे.

उपाय म्हणजे त्या व्यवहाराची एक चावी, इंग्रजीत जिला आयडेम्पोटन्सी की म्हणतात. एक यादृच्छिक लांब क्रमांक रिक्वेस्टसोबत जातो. सर्व्हर तो खोलीच्या नोंदीसोबत एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, युनिक बंधन असलेल्या, म्हणजे तेच मूल्य दुसऱ्यांदा न घेणाऱ्या, रकान्यात लिहितो आणि दिलेले उत्तरही जपून ठेवतो. तीच चावी पुन्हा आली की काम न करता जुनेच उत्तर परत देतो. आधी 'चावी आहे का' पाहायचे आणि मग लिहायचे असे दोन पायऱ्यांत केले तर दोन रिक्वेस्ट एकदम आल्यावर दोघींनाही 'नाही' असे उत्तर मिळते. म्हणून बंधन डेटाबेसमध्येच हवे. चावी २४ तास तरी ठेवावी.

चावी जन्माला कुठे घालायची, यात जाणकारही चुकतात. पुन्हा प्रयत्नाच्या आत घातली तर प्रत्येक खेपेला नवी चावी, म्हणजे असून नसल्यासारखी. बाहेरच्या इंटरसेप्टरमध्ये घातली तर खेपा सांभाळल्या जातात, पण उत्तर न आल्याने वैतागून माणसाने बटण दोनदा दाबले तर ते दोन वेगळे कॉल, दोन वेगळ्या चाव्या. योग्य जागा फॉर्म उघडण्याच्या क्षणी आहे. चावी फॉर्मसोबत जन्मते, कॉलसोबत दिली जाते, इंटरसेप्टर ती फक्त हेडरमध्ये घालून वाहून नेतो. मंजुरीचे पान दिसल्यावरच ती टाकून द्यायची. लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात शेतकऱ्याच्या खात्यावर विक्रीच्या हिशेबपट्टीची रक्कम टाकणारी प्रणाली असली तरी हाच नियम, तिथे चावी पट्टीच्या क्रमांकावरूनच बनवता येते.

टोकनाचा नाका दिसतो सोपा, पण तिथे एक ठरलेला सापळा आहे. पान उघडते आणि एकदम सहा कॉल सुटतात. टोकनची मुदत संपलेली. सहाही कॉल कोड १६ घेऊन परततात, ओळख पटली नाही. सहाही नवे टोकन मागायला धावतात. नवे टोकन मागताना दाखवायचे रिफ्रेश टोकन एकदाच वापरता येणारे असेल, आणि सुरक्षेसाठी तसेच असावे, तर पहिल्याला नवी जोडी मिळते आणि उरलेले पाच जुने रिफ्रेश टोकन दाखवतात. सर्व्हर ती चोरी समजतो आणि सत्रच बंद करतो. यात्रेकरू अर्ध्या बुकिंगमधून लॉगिनच्या पानावर फेकला जातो. यावर उपाय असा, की चालू असलेल्या रिफ्रेशचे प्रॉमिस एका व्हेरिएबलमध्ये ठेवावे. पहिला कॉल ते सुरू करतो, बाकी पाच त्याच प्रॉमिसवर थांबतात. ते पुरे झाल्यावर व्हेरिएबल रिकामे करायचे, यश आले तरी आणि अपयश आले तरी. अपयशात रिकामे करायचे राहिले तर पान पुन्हा लोड करेपर्यंत सगळेच कॉल फसत राहतात.

त्याच नाक्यावर आणखी काही पथ्ये आहेत. रिफ्रेशचा कॉल स्वतः या इंटरसेप्टरमधून जाऊ नये, नाहीतर तो स्वतःचीच वाट पाहत बसतो. त्यासाठी इंटरसेप्टर नसलेला वेगळा क्लायंट ठेवावा. नव्या टोकनाने मूळ कॉल एकदाच पुन्हा करावा आणि तशी खूण रिक्वेस्टवर ठेवावी. दोन टॅब उघडे असतील तर व्हेरिएबल पुरत नाही, ब्राउझरच्या वेब लॉक्सची (एका वेळी एकाच टॅबला काम करू देणारे कुलूप) मदत घ्यावी लागते. कोड ७ वर रिफ्रेश करू नये: तिथे ओळख पटलेली आहे, अधिकार नाही. मुदत संपण्याआधी मिनिटभर टोकन बदलून घेतले तर उत्तम, मात्र ती वेळ मोजताना फोनच्या घड्याळावर भिस्त ठेवू नये. टोकन हाती आल्यापासून किती सेकंद चालेल हे सर्व्हर सांगतो, तिथून मोजावे.

उत्तर वाचणाऱ्या नाक्याला एचटीटीपीचा २०० हा यशाचा कोड पाहून समाधान मानता येत नाही. जेसन-आरपीसीत चूक उत्तराच्या पोटात येते, वरचा कोड बहुधा २०० च असतो: -३२६०१ म्हणजे अशी मेथडच नाही, -३२६०२ म्हणजे पॅरामीटर चुकीचे. एका रिक्वेस्टमध्ये अनेक कॉल बांधून पाठवले असतील तर उत्तरे कोणत्याही क्रमाने येऊ शकतात, जुळवणी आयडीवरूनच करायची आणि फसलेलेच कॉल पुन्हा पाठवायचे. जीआरपीसीतही खरा निकाल शेवटच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे मजकुरानंतर येणाऱ्या हेडरमध्ये, असतो. ब्राउझर ते ट्रेलर प्रोग्रॅमला दाखवत नाहीत, म्हणून जीआरपीसी-वेब तो मजकुराच्याच शेवटी एक खास चौकट म्हणून पाठवते. उत्तर अर्धवट तुटले तर डेटा आलेला असतो आणि निकाल नसतो. ते यश धरू नये. सर्व्हर सतत माहिती पाठवणाऱ्या स्ट्रीममध्ये, जसे वाहनतळावरच्या मोकळ्या जागा, पहिला संदेश वापरकर्त्याला दाखवून झाल्यावर गुपचूप पुन्हा सुरू करू नये. मिळालेल्या शेवटच्या संदेशाचा क्रमांक सांगून पुढचे मागावे.

'पोस्टमनमध्ये (ब्राउझरविना कॉल करून पाहण्याचे साधन) चालते, ब्राउझरमध्ये नाही' ही तक्रार इंटरसेप्टर बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी हमखास येते. ॲप एका पत्त्यावर आणि सर्व्हर दुसऱ्या पत्त्यावर असला की नवा हेडर दिसताच ब्राउझर आधी ऑप्शन्स रिक्वेस्ट पाठवून परवानगी विचारतो. सर्व्हरने परवानगीच्या हेडरांच्या यादीत आपली चावी, माग-क्रमांक, ऑथरायझेशन, सगळे नाव घेऊन लिहिलेले हवे. तारांकन (*, म्हणजे 'सगळे चालतील') टाकले तरी ऑथरायझेशन त्यात येत नाही, ते वेगळे लिहावेच लागते. उत्तरातला जीआरपीसीचा निकाल हेडरमधून वाचायचा तर तोही उघड करण्याच्या यादीत घालावा. ही परवानगी साठवण्याची मुदत ७२०० सेकंद ठेवावी, क्रोम त्याहून जास्त मानत नाही. ती ठेवली नाही तर थोड्या थोड्या वेळाने कॉलमागे एक जादा फेरी होते, आणि घाटावरच्या नेटवर्कवर ती फेरी महाग पडते.

नोंदीत मेथडचे नाव, निकालाचा कोड, लागलेले मिलिसेकंद, कितवा प्रयत्न आणि माग-क्रमांक एवढेच असावे. फोन नंबर, आधार, टोकन, पूर्ण मजकूर यातले काही लिहू नये. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी भाविकाची माहिती लॉगच्या फाइलमध्ये उघडी पडू देणे बरोबर नाही. माग-क्रमांकासाठी ट्रेसपॅरेंट हे प्रमाणित हेडर वापरावे, ५५ अक्षरांचे. चूक झाल्यावर पडद्यावर त्यातल्या ट्रेस क्रमांकाची शेवटची आठ अक्षरे दाखवावी. माणूस मदत केंद्रावर 'ॲप चालत नाही' एवढेच सांगतो, ती आठ अक्षरे सांगितली तर नेमका कॉल मिनिटात सापडतो.

आणि ब्राउझरमधला इंटरसेप्टर ही सुरक्षा नव्हे. ब्राउझर वापरणाऱ्याच्या हातात आहे, त्यातले काहीही बदलता येते. टोकन, अधिकार, चावी यांची तपासणी सर्व्हरच्या बाजूच्या इंटरसेप्टरमध्ये पुन्हा व्हायलाच हवी.

काम ताब्यात घेताना संस्थेने समोर बसून एवढे करून पाहावे, त्याला प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क मंद करून 'राखा' लागोपाठ दोनदा दाबा: यादीत खोली एकच दिसली पाहिजे. सर्व्हरवर नोंद होऊ देऊन उत्तर मुद्दाम पाच सेकंद अडवायला सांगा: ॲपने पुन्हा मागितलेले दिसेल, खोली तरीही एकच हवी. टोकनची मुदत दोन मिनिटांवर आणून पान तीन मिनिटे उघडे ठेवा आणि पुन्हा लोड करा: नेटवर्कच्या यादीत टोकन बदलण्याचा कॉल एकदाच दिसावा, लॉगिनचे पान येऊ नये. सर्व्हर बंद करून बटण दाबा: दहा सेकंदांच्या आत मराठीत स्पष्ट निरोप आणि आठ अक्षरी क्रमांक यावा, गोल फिरणारे चक्र नको. शेवटी नकाशाच्या सर्व्हरकडे गेलेल्या रिक्वेस्टचे हेडर उघडून त्यात आपले टोकन नाही ना ते बघा. यातले डेव्हलपर टूल्सविना जमणारे प्रयोग एकदा एखाद्या गर्दीच्या संध्याकाळी, रामकुंडावर उभे राहून, साध्या फोनवरही करावेत.

आपले,
वेबॲप बांधणारे काही नाशिककर